रक्तवाहिन्या रोखल्या तर दुसरं औषध गाठीपर्यंत पोचणार कसं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझ्या वडिलांना लिव्हरचा कॅन्सर निघालाय, ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले. दर २१ दिवसांनी सलाईनमधून दोन औषधं द्यायचं ठरलंय, बेव्हॅसिझुमॅब आणि अ‍ॅटेझोलिझुमॅब. पहिलं गाठीच्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही आणि दुसरं इम्युनिटीचं, एवढंच कळलं. पण रक्तवाहिन्याच रोखल्या तर दुसरं औषध आत जाणार कसं? आणि इम्युनिटीसाठी गुळवेलीचा काढा दिला तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. १९७१ साली ज्यूडा फोकमन या अमेरिकन सर्जननी मांडलं की गाठ स्वतःसाठी नवीन रक्तवाहिन्या उगवून घेते, त्या रोखल्या तर ती उपाशी मरेल. तेवढंच खरं असतं तर दुसरं औषध खरंच बाहेर अडकलं असतं.

पण गाठीतल्या रक्तवाहिन्या आपल्या नेहमीच्या रक्तवाहिन्यांसारख्या नसतातच. व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडून गाठ त्या घाईघाईत वाढवते, म्हणून त्या वाकड्यातिकड्या आणि गळक्या असतात. गावची पाइपलाइन जागोजागी फुटलेली असली की रस्त्यावर चिखल आणि शेवटच्या घरात नळ कोरडा, तसंच तिथे होतं, म्हणजे रक्तातलं पाणी झिरपून गाठीच्या आत प्रेशर वाढतं, रक्त पुढे सरकत नाही, ऑक्सिजन कमी पडतो आणि ऑक्सिजन कमी पडला की गाठ अजून व्हीईजीएफ सोडते.

आता इम्युनिटीचं बघा. हेच व्हीईजीएफ आपल्या संरक्षक पेशींनाही दाबून ठेवतं. शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी त्याच्यामुळे कच्च्याच राहतात. लढणाऱ्या टी पेशींना रक्तातून गाठीत उतरताना रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटावं लागतं, तर तिथली चिकटायची प्रोटीनंच कमी होतात, आणि त्यातूनही ज्या आत शिरतात त्यांच्यावरचा पीडी-१ हा ब्रेक वाढतो. शिवाय ऑक्सिजन कमी असलेल्या जागी इम्युनिटीला शांत करणाऱ्या पेशी जास्त गोळा होतात. म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणं आणि इम्युनिटी झोपवणं, दोन्ही कामं गाठ एकाच प्रोटीनकडून करून घेते, मला या आजारातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बोस्टनचे शास्त्रज्ञ राकेश जैन (आपल्या आयआयटी कानपूरचे) यांनी २००१ मध्ये मांडलं की व्हीईजीएफ बेताने अडवलं तर रक्तवाहिन्या सगळ्या मरत नाहीत, उरलेल्या काही काळ सुधारतात, गळती कमी होते आणि रक्त नीट वाहतं. तेव्हा बेव्हॅसिझुमॅब रस्ता बंद करत नाही, उलट टी पेशींना वाट करून देतं आणि अ‍ॅटेझोलिझुमॅब त्यांचा ब्रेक सोडवतं. रक्तवाहिन्यांची फारच छाटणी झाली तर मात्र ऑक्सिजन पुन्हा कमी पडतो.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०१ पेशंटच्या ट्रायलमध्ये या जोडीवर वर्षभराने शंभरातले साधारण ६७ जण हयात होते, जुन्या सोराफेनिबच्या गोळीवर ५५. फरक मोठा आहे पण याला बरं होणं म्हणत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. आणि ही जोडी सगळीकडे चालत नाही, ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये किमो आणि बेव्हॅसिझुमॅबला अ‍ॅटेझोलिझुमॅब जोडून पाहिलं तर फायदा दिसला नाही.

सुरू करण्याआधी एंडोस्कोपी झालीय ना ते विचारा, कारण लिव्हरच्या पेशंटच्या अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या असू शकतात आणि बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहायचं. शी काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. जुलाब, दम लागणं, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी फोन करा, कारण ब्रेक सुटलेली इम्युनिटी कधी कधी स्वतःच्याच आतड्यावर, फुप्फुसावर, लिव्हरवर उलटते.

काढा मात्र नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली होती, आणि बाबांचं लिव्हर आधीच आजारी आहे. आधी काही दिवस दिला असेल तर ते ऑन्कॉलॉजिस्टना मोकळेपणाने सांगा, कुणी रागावणार नाही, रिपोर्ट बघताना त्यांना ते माहीत असणं गरजेचं आहे.