पंख अधू असलेला कॉकटेल घरी आलाय : वाचकांचे प्रश्न, पक्षीवैद्याची उत्तरं

घरात बाळ आलं, बदली झाली, पक्ष्याच्या अंगावरच्या पांढऱ्या भुकटीने कुणाचा तरी दमा उफाळला, अशा कारणांनी कॉकटेल (कॉकटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेले छोटे पोपट) या घरातून त्या घरात जात असतात. त्यातले बरेच पंखाची काही ना काही तक्रार घेऊनच येतात, आणि आधीच्या घरी नेमकं काय झालं होतं हे नव्या घराला कळतच नाही. यावेळचे प्रश्न अशाच पक्ष्यांबद्दल आहेत.

प्रश्न : मैत्रीण परदेशी गेली, तिचा तीन वर्षांचा नर आम्ही ठेवून घेतला. ‘पंख कापलेत, येतील परत,’ असं ती म्हणाली होती. आठ महिने झाले, अजून उडत नाही. सवय व्हावी म्हणून कपाटावरून हलकेच सोडतो, तर धपकन खाली येतो. उडेल का कधी? (नाशिक)

आधी ते कपाटावरून सोडणं आजच्या आज बंद करा. न उडणारा पक्षी फरशीवर आपटतो तो छातीच्या मधल्या हाडावर. तिथली कातडी पातळ असते, ती फाटते. जखम भरत आली की पुढच्या आपटीत पुन्हा उघडते.

आता पंख बघू. दोघं जण लागतील. एकाने पक्ष्याला पंच्यात हलकेच धरायचं, पण छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती पुढे-मागे हलली तरच श्वास चालतो. दुसऱ्याने एकेक पंख जपानी पंख्यासारखा उलगडायचा. टोकाकडची दहा लांब पिसं उडण्याची असतात. ती कापलेली असतील तर दांडा मधेच सरळ तुटलेला आणि टोकाला पोकळ नळीसारखा दिसेल. कापलेलं पीस वाढत नाही. ते मुळासकट गळून पडतं, तेव्हाच त्या जागी नवं येतं. कॉकटेलची पिसं वर्षातून एक-दोनदा झडतात आणि लांब पिसं एकदम न झडता थोडी थोडी झडतात. आठ महिन्यांत निदान काही तरी नवी दिसायलाच हवीत. दहाच्या दहा अजून कापलेलीच असतील तर झडणं अडलंय. नुसत्या दाण्यावर वाढवलेला पक्षी, रात्री उशिरापर्यंत टीव्ही आणि दिव्यात बसणारा पक्षी किंवा यकृताचा आजार, अशी त्याची कारणं असतात.

पिसं पूर्ण असूनही उडत नसेल, तर प्रश्न हाडाचा किंवा सांध्याचा. पक्षी शांत बसलेला असताना मागून बघा. दोन्ही पंखांची टोकं शेपटीवर सारख्या उंचीवर येतात का? एक खाली लोंबतं का? उलगडताना एक कोपर दुसऱ्याइतकं उघडतं का? खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक पडदा असतो. पंख फार दिवस बांधून ठेवला किंवा मोडलेलं हाड वाकडं जुळलं, की हा पडदा आखडतो. मग पिसं कितीही छान आली तरी पंख पूर्ण उघडत नाही. जोर लावून उघडू नका. एक्स-रे काढून घ्या. त्याचा खर्च सार्थकी लागतो, कारण वर्षभर वाट बघायची की न उडणाऱ्या पक्ष्याच्या सोयीने घर लावायचं हे त्यावर ठरतं.

तिसरीही शक्यता आहे. कॉकटेलचं पिल्लू साधारण पाचव्या आठवड्याला घरट्यातून पहिली भरारी मारतं. विक्रेते बरेचदा त्याआधीच पंख कापतात, म्हणजे पिल्लू ‘टेम’ (माणसाळलेलं) राहतं. असा पक्षी उडायला कधी शिकलेलाच नसतो आणि त्याच्या छातीचे स्नायूही कमजोर राहतात. हाडं आणि पिसं धड असतील तर मोठेपणीही तो शिकतो, फक्त हळूहळू. गादी अंथरा, आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर वीतभर अंतराची उडी मारायला लावा. अंतर त्याच्या कलाने वाढवा.

सरसकट पंख कापण्याच्या मी विरोधात आहे. एकच पंख कापणं तर निव्वळ अडाणीपणा. पक्षी गरगरत एका बाजूला आपटतो.

प्रश्न : परवा छताच्या पंख्याचा फटका बसला. एक पंख लोंबतोय, थोडं रक्त आलं होतं. डेटॉलच्या पाण्याने धुऊन चिकटपट्टीने अंगाला बांधलाय. खातोय. सोमवारपर्यंत थांबू का? (ठाणे)

थांबू नका. हे छापून येईपर्यंत तुमचा पक्षी दवाखान्यात पोचला असेल अशी आशा आहे. तुम्हाला फोनवर कळवलं तेच इतरांसाठी लिहितो.

पक्ष्यांची हाडं फार लवकर जुळतात, साधारण तीन आठवड्यांत. तुटलेली टोकं नीट बसलेली नसतील तर तितक्याच लवकर ती वाकडी जुळतात, आणि मग फारसं काही करता येत नाही. म्हणून पहिले एक-दोन दिवस मोलाचे. दंडाचं हाड पोकळ असतं आणि त्याची पोकळी थेट श्वसनाच्या हवापिशव्यांना जोडलेली असते. तिथे उघडी जखम असताना डेटॉल किंवा कुठलंही पाणी ओतलं तर ते आत श्वासमार्गात जाऊ शकतं. जखम कोरड्या स्वच्छ गॉजने झाका, बस. चिकटपट्टी पिसं उपटते आणि छातीभोवती घट्ट बसली तर जीवही घेते.

न्यायचं कसं? बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला पंचा घाला, आत दांडी नको. खोकं अंधारं आणि उबदार असू द्या. चोचीत पाणी ओतू नका. माणसांची वेदनाशामक गोळी चिमूटभरही द्यायची नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, ती मेलेली गुरं खाऊन, देशातली गिधाडं कशी संपत आली ते आपण पाहिलंय, म्हणून तर 2006 मध्ये गुरांसाठीचा त्याचा वापर थांबवावा लागला. वेदनाशामक लागतंच, पण औषध कोणतं आणि किती थेंब हे वजन करून डॉक्टर ठरवतात.

तुमच्या बाजूला परळला बाई साकरबाई रुग्णालय आहे. शिरवळ आणि नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कुठेही निघण्याआधी फोन करून ‘पक्षी बघणारे डॉक्टर आज आहेत का’ एवढं विचारा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही या आकाराच्या पक्ष्याला हात लावायला कचरतात, आणि ते प्रामाणिकपणे तसं सांगतात हे चांगलंच आहे.

प्रश्न : आमची पिवळी मादी रात्री अचानक पिंजऱ्यात धडपडते. गेल्या आठवड्यात सकाळी पिंजराभर रक्त होतं. आम्ही हळद लावली. पंख मोडला नव्हता, मग रक्त कुठून आलं? (सांगली)

नव्याने येणाऱ्या पिसाच्या दांड्यात रक्त खेळत असतं. तो दांडा जाड आणि निळसर-काळा दिसतो. धडपडीत तो तुटला की रक्ताची धार लागते. 90 ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात सगळं मिळून 9 मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणजे दोन चहाचे चमचेसुद्धा नाही. पक्षी धडपडताना ते चहूकडे शिंपडतं आणि आहे त्याहून भयंकर दिसतं, तरी दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

हळदीने अपाय झाला नाही, पण रक्त थांबवतो तो दाब. चिमूटभर कॉर्नफ्लोअर तुटलेल्या टोकावर ठेवून गॉजने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. भुकटी नाकापाशी जाऊ देऊ नका. दहा मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. ‘ते पीस मुळासकट उपटा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. घरी उपटू नका. पिसाचं मूळ हाडाला धरून असतं, चुकीच्या झटक्याने पंखच मोडायचा, नाहीतर पुढचं पीस कायमचं वेडंवाकडं यायचं.

रात्रीची ही घबराट कॉकटेलांत नेहमीची आहे, आणि तुमच्यासारख्या पिवळ्या, लुटिनो पक्ष्यांत जास्तच. भिंतीवरची पाल, रस्त्यावरच्या गाडीचा झोत, दूरचा फटाका, काहीही पुरतं. मिट्ट काळोखात पक्ष्याला दांडी दिसत नाही आणि तो सैरावैरा आपटतो. झिरोचा दिवा चालू ठेवा, पिंजरा तीनच बाजूंनी झाका, लोंबती खेळणी रात्री काढून ठेवा. आवाज आला तर आधी दिवा लावून हळू आवाजात बोला, लगेच पिंजऱ्यात हात घालू नका. दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत न्या.

प्रश्न : डॉक्टरांनी सांगितलं की उजवा पंख जुन्या मोडीमुळे कायमचा गेला. पक्षी आनंदी आहे, पण वरच्या दांडीवरून सारखा पडतो. पिंजरा कसा लावू? आणि वजन 118 ग्रॅम झालंय. (कोल्हापूर)

तुमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं ते बरं केलं. आता त्याला उडवायचा नाद सोडून द्या. कॉकटेल हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावरचा पक्षी, जमिनीवर उतरून दाणे टिपणारा. चालण्यात त्याला कमीपणा वाटत नाही आणि चढायला चोच आहेच. पक्ष्याला मनात येईल तिथे स्वतःच्या पायांनी जाता यायला हवं आणि कुठूनही पडला तरी लागायला नको, इतकं जमवलं की झालं.

बाजारातले उंच, गोल पिंजरे अशा पक्ष्याला एकदम वाईट. आडवा, लांब पिंजरा घ्या, ज्याच्या गजांत दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नाही. गज आडवे असतील तर शिडीचं काम आपोआप होतं. दांड्या पायऱ्यांसारख्या लावा, दोन दांड्यांत त्याच्या एका पावलाचं अंतर. सगळ्यात वरची दांडीही पिंजऱ्याच्या निम्म्या उंचीच्या वर नको. पण त्याला थोडं तरी उंच बसायला हवंच असतं, जमिनीलगत ठेवलेला पक्षी धास्तावतो. म्हणून पिंजराच कमरेइतक्या उंच टेबलावर, एक बाजू भिंतीला लावून ठेवा.

दुकानातली गुळगुळीत, सगळीकडे सारख्या जाडीची दांडी फेकून द्या. अधू पंखाचा पक्षी तोल पायांवर सांभाळतो, त्याच्या बोटांना पकड लागते. पेरूची किंवा कडुलिंबाची, फवारणी न केलेली, सालीसकट, बोटाएवढ्या जाडीची फांदी उत्तम. कण्हेर आणि रुई चुकूनही नको. तळाची जाळी काढा, तिच्यात पाय अडकतात. तिथे जुना पंचा घालून वर कागद पसरा आणि कागद रोज बदला. पाणी आणि दाणा सगळ्यात खालच्या दांडीशी ठेवा. वर एक छोटी वाटी ठेवली तरी चालेल, तेवढाच चढण्याचा व्यायाम.

पिंजऱ्याबाहेर सोडताना जमिनीवर सतरंजी घाला आणि पिंजऱ्याच्या दारापासून तिथपर्यंत एक शिडी लावा. शिडी माहीत असलेला पक्षी उडी मारत नाही. या काळात घरात कुणी दार धाडकन उघडायचं नाही, चालताना खाली बघायचं. पायाखाली आलेले पक्षी मी पंख्याने जखमी झालेल्यांपेक्षा कमी पाहिलेले नाहीत.

118 ग्रॅम. बहुतेक कॉकटेल 80 ते 100 च्या दरम्यान असतात. काही मोठ्या चणीचेही असतात, म्हणून छातीचं हाड चाचपा. ते हाताला लागतच नसेल तर चरबी आहे. न उडणाऱ्या पक्ष्याला सूर्यफूल आणि करडई म्हणजे रोज भजी. ती शिकवताना बक्षीस म्हणून एकेक द्या. रोजच्या वाटीत राळे, बाजरी, थोडी नाचणी, आणि शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा, मोडाचे मूग. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. कॅल्शियमसाठी समुद्रफेण पिंजऱ्याला अडकवा. बदल एका दिवसात करू नका, कॉकटेल अनोळखी अन्नासमोर उपाशी बसतो. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. डाएट नसताना वजन दहा टक्क्यांनी घटलं तर तो आजार समजा.

सकाळचं कोवळं ऊन हवं, पण काचेतून आलेलं नव्हे. काच नेमके कामाचे किरण अडवते. गॅलरीत पिंजरा अर्धा सावलीत ठेवा आणि तिथेच बसून राहा. कावळ्यांना अधू पक्षी लगेच ओळखू येतो.

प्रश्न : दत्तक घेतलेला नर दुपारी दोन्ही पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून बसतो. पंखात दोष आहे का? (अकोला)

अकोल्याच्या मे महिन्यात दोष उन्हाचा. गार जागी न्या, साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, बर्फाचं पाणी नको. संध्याकाळी गारव्यातही तसाच धापा टाकत असेल किंवा प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होत असेल तर डॉक्टर. तोच नर चोच बंद ठेवून, खांदे उचलून शीळ घालत मिरवत असेल, तर तो आरशाच्या प्रेमात आहे.

प्रश्न : आमच्या मादीच्या पंखाच्या टोकाला पिवळसर, जाडसर गाठ आली आहे. ती टोचून रक्त काढते. गळू असेल तर फोडू का? (पणजी)

फोडू नका. पिवळी, जाड, खरबरीत कातडी बहुधा चरबी साठून झालेली गाठ असते. पक्ष्याच्या पंखाच्या टोकाशी ती होते, आणि तिच्यातून रक्त फार येतं. लहान असताना आहार सुधारून, अ जीवनसत्त्व वाढवून कधी आटोक्यात राहते, मोठी झाली तर शस्त्रक्रिया. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. तोवर तिला टोचता येणार नाही अशी गळपट्टी डॉक्टरकडून लावून घ्या.

प्रश्न : एका पंखाने अधू नराला जोडीदार आणावा का? एकटा पडलाय असं वाटतं. (पुणे)

सोबत हवी असते, पण धडधाकट पक्षी थेट त्याच्या पिंजऱ्यात सोडू नका. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, विष्ठा तपासून घ्या, मग पिंजरे शेजारी. अधू पक्ष्याला पळून जाता येत नाही, म्हणून दोन वाट्या, दोन कोपरे आणि रात्री वेगळी जागा. मादी आणणार असाल तर घरट्याची पेटी मात्र ठेवू नका. पाठीवर चढताना अधू नराचा तोल जाऊन दोघंही पडतात, आणि अंड्यांवर अंडी घालून मादीचं कॅल्शियम संपतं ते वेगळंच. दुसरा नर आणलात तरी हरकत नाही. दोघं मिळून सकाळी सहालाच शिट्ट्या मारायला लागतील, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.