प्रोजेक्टसाठी गूगल फॉर्मवर ३०० उत्तरं आली आहेत. 'मोबाइलमुळे ठाणेकरांची झोप बिघडते' असं लिहू शकतो का?

नाही. पण अडचण ३०० या आकड्याची नाही. तुम्ही म्हणता, फॉर्म कॉलेजच्या, घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या आणि आईच्या भिशीच्या ग्रुपवर टाकला. मग किसननगरच्या चाळीत राहून वागळे इस्टेटला रात्रपाळी करणारा माणूस यात आलाच कुठे? झोपेच्या अभ्यासात रात्रपाळीवालाच नाही, हे जरा अतीच झालं. त्याच ग्रुपांतून ३००० उत्तरं गोळा केलीत तरी तो येणार नाही.

१९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने जवळजवळ १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त भरून आल्या आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार, लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले! पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांमधले होते. ऐन मंदीत फोन आणि मोटार बाळगणारे ते कोण, विचार करा. त्यातही पत्रिका परत पाठवायची तसदी घेणारे आणखी वेगळे. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावर, म्हणजे निवडक लोकांना विचारून, विजेता बरोबर सांगितला.

तुम्हाला हवा यादृच्छिक नमुना, म्हणजे ओळखीपाळखीने नव्हे तर चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली माणसं. त्याला आधी यादी लागते. एखाद्या प्रभागाची मतदार यादी घ्या आणि दर पन्नासावं नाव निवडा. भाडेकरू बरेचदा त्यात नसतात, तेवढं अहवालात लिहा. सकाळी अकराला गेलात तर आजी-आजोबाच भेटतील, टॉवरचा वॉचमन तर आतच सोडणार नाही. तरी शेजारचं दार वाजवून भागवायचं नाही. त्याच घरी रविवारी परत जायचं. कंटाळवाणं आहे, पण सर्वेक्षणाची निम्मी मेहनत इथेच असते.

सबमिशन तोंडावर आलं असेल तर शीर्षकातून 'ठाणेकर' काढा आणि उत्तरं कुठून आली ते सरळ लिहा.

'मुळे' हा शब्दही काढा. झोप येत नाही म्हणून फोन हातात घेणारेही असतात. एकदाच भरलेल्या फॉर्मवरून आधी काय घडलं ते कळत नाही. कारण सिद्ध करायचं तर प्रयोग हवा: चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एका गटाला दोन आठवडे रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा, दुसऱ्याचं नेहमीसारखं चालू द्या, आणि दोघांच्या झोपेची नोंद ठेवा. फक्त वन-रूम-किचनमध्ये 'दुसरी खोली' म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिथेही कुणीतरी झोपलेलं असतं. त्याचा विचार आधी करा.