गॅमा किरणांत सगळं आकाश मंद उजळलेलं दिसतं. हा उजेड येतो कुठून?

तुम्ही विचारलंय, की आपली आकाशगंगा आणि ओळखीचे सगळे स्रोत वजा केले तरी प्रत्येक दिशेने गॅमा किरण (सर्वांत जास्त ऊर्जेचा प्रकाश) येतच राहतात, ते कुठले? बहुतेक सगळे दूरच्या दीर्घिकांचे. त्या इतक्या लांब आहेत की दुर्बिणीला सुट्या दिसत नाहीत, त्यांची गर्दीच धुक्यासारखी भासते.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीचा डेटा वापरला होता (तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो). हा ‘उजेड’ किती विरळ आहे ते तेव्हा कळलं. अवकाशात तळहात पसरून धरला, तर दहा कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) वरचा असा एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पाच-सात मिनिटांनी हातावर पडेल. १९६७ साली सोडलेल्या ओएसओ-३ उपग्रहाने अवकाशातले गॅमा किरण मोजले ते सगळे मिळून ६२१!

२००८ पासून फिरणाऱ्या फर्मीत टंगस्टनचे पातळ पत्रे आहेत. त्यांत शिरलेल्या फोटॉनची इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) अशी जोडी होते, सिलिकॉनच्या थरांत तिची वाट उमटते आणि त्यावरून फोटॉनची दिशा काढतात. पण दुर्बिणीवर विद्युतभारित कणांचा मारा याहून कितीतरी जास्त असतो. ते गाळायचे, मग आकाशगंगेतल्या वायूची चमक वजा करायची. उरतं ते या वजाबाकीवर अवलंबून, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

आता स्रोत. एक म्हणजे ब्लेझार: दीर्घिकेच्या मधोमध महाकाय कृष्णविवर आणि त्याचा झोत नेमका आपल्या रोखाने. फर्मीच्या गटाने २०१६ साली दाखवलं, की ५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर आकाशगंगेबाहेरून येणाऱ्या प्रकाशातला सुमारे ८६ टक्के भाग बिंदुस्रोतांचा, आणि ते जवळपास सगळे ब्लेझार. दुसरा स्रोत तारे घडवणाऱ्या साध्या दीर्घिका. तिथे ताऱ्यांचे स्फोट प्रोटॉनना वेग देतात, ते वायूवर आदळून पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात आणि उदासीन पायॉन क्षणात फुटून दोन गॅमा किरण देतो. २०२१ साली रॉथ, क्रुमहोल्झ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं, की उरलेल्या धुक्यात मोठा वाटा यांचाच.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडतात असं वाटेल, पण पहिल्यात सुटे दिसणारे स्रोतही धरलेत, दुसरा फक्त न सुटलेल्या धुक्याबद्दल आहे. मला दोन्ही पटतात. कृष्णपदार्थाचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाचे) कण एकमेकांना नष्ट करून यात भर घालत असतील ही शक्यता संपलेली नाही, पण दीर्घिकांचा हिशेब लावल्यावर तिला जागा थोडीच उरते.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. सुमारे २५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपुढे हा उजेड झपाट्याने घटतो. कारण इतक्या जोरकस फोटॉनची वाटेत जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाशी टक्कर होते आणि तो इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होऊन जातो. जे टंगस्टनच्या पत्र्यात घडतं तेच रिकाम्या अवकाशातही घडतं, फक्त तिथे पत्र्याच्या जागी असतो ताऱ्यांचा उजेड.