मिस्टर घटस्फोट देत नाहीत, फ्लॅटचं काय?

प्रश्न : मॅडम, लग्नाला सात वर्षं झाली. सासरी मारहाण व्हायची, शेवटी त्यांनीच घराबाहेर काढलं, अडीच वर्षं साताऱ्याला माहेरी आहे. मिस्टर म्हणतात घटस्फोट देणारच नाही, बघू काय करतेस. चिंचवडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो, माझे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये. गोव्याची मैत्रीण म्हणते बायकोला निम्मं मिळतंच. सासऱ्यांच्या शेतीतपण मिळेल का?

उत्तर : ताई, घटस्फोट कोर्ट देतं, मिस्टरांची सही फक्त संमतीच्या अर्जाला लागते. ते तयार नसतील तर हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ खाली तुम्ही एकटीने केस टाका. क्रूरता हे कारण आहेच, शिवाय दोन वर्षांच्या वर टाकून देणं हेही, कारण घराबाहेर काढलंय म्हणजे सोडलं त्यांनी (त्यांचा वकील बरोबर उलटं सांगणार की हीच निघून गेली, म्हणून दवाखान्याचे कागद, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, पोलिसात काही दिलं असेल तर तेही आत्ताच गोळा करा). केस साताऱ्यातच टाकता येते.

मैत्रीण खोटं बोलत नाही, पण तो गोव्याचा पोर्तुगीज काळातला कायदा, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. आपल्याकडे तसं नाही. सासऱ्यांच्या शेतीचा विचार सोडून द्या. फ्लॅटचं मात्र वेगळं, अ‍ॅग्रीमेंटवर नाव आहे आणि हप्ता तुमच्या खात्यातून जातोय, तर बँक स्टेटमेंट पहिल्यापासूनची काढून ठेवा, रागाच्या भरात हक्क सोडल्याच्या कागदावर सही अजिबात करू नका. दागिने तुमचं स्त्रीधन, लॉकर कोणाच्याही नावावर असू दे, पावत्या आणि लग्नातले फोटो शोधा.

पोटगी कमावत्या बायकोलाही मागता येते, फक्त पगार बघून आकडा कमी होतो, आणि २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तिथे मिस्टरांचेही आकडे बाहेर येतील.

उद्या ते संमतीला तयार झाले तर लवकर सुटाल, सहा महिन्यांची वाट बघण्याची अटही २०१७ पासून कोर्ट माफ करू शकतं. पण तेव्हा फ्लॅट कोण ठेवणार हे लिहून घेताना बँकेकडून कर्जातून तुमचं नाव काढून घ्यायचं बघा, बँक तुमच्या आपसातल्या कराराला बांधील नसते.