झऱ्याचं पाणी तसंच प्यावं का?

प्रश्न : मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना रस्त्याकडेच्या झऱ्यावरून आम्ही ठाण्याला २० लिटरचा कॅन भरून आणतो. पाणी अगदी नितळ असतं. उकळायची गरज आहे का?

उत्तर : आहे, बारा महिने. नितळ पाण्यातही जंतू असतात आणि वरच्या अंगाला गुरं चरत असतील तर पावसात शेण झिरपून झऱ्यात उतरतं. खडकातून धार फुटते तिथेच कॅन लावा, खालच्या डबक्यातून कधीच भरू नका. घरी चारपदरी सुती कापडातून गाळा आणि खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण १ मिनिट उकळत ठेवा. कोमट करणं फुकट. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकू नका, बरंचसं गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी काढा, मग क्लोरीन घालून ३० मिनिटं थांबा.