आई दोनदा पडल्या, आणि पैसे गेले पॉलिसीत

प्रश्न : आई 74, वडील 79. दोघंच सांगलीत असतात, मी पुण्यात. आठ महिन्यांत आई दोनदा बाथरूममध्ये पडली. पहिल्यांदा मुका मार लागला, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. पुढे मोठा खर्च निघेल म्हणून वडिलांची 12 लाखांची ठेव मोडून बँकेतून माझ्या नावावर हमी परताव्याची पॉलिसी घेतली. 5 वर्षं दर वर्षी 2 लाख 40 हजार भरायचे, दहाव्या वर्षाअखेर साडेसतरा लाख मिळणार. पहिला हप्ता भरला, पॉलिसीचे कागद मागच्या आठवड्यात आले. आई रात्री झोपेची गोळी घेते. बाथरूमचं काम हप्त्यांमुळे पुढे ढकललं आहे. दोघांना आरोग्य विमा नाही, या वयात देणार कोण? उरलेले पैसे पुढच्या हप्त्यांपर्यंत कुठे ठेवू?

उत्तर : आधी पॉलिसीचा हिशेब. 12 लाखांचे साडेसतरा लाख, आणि प्रत्येक हप्ता सरासरी 8 वर्षं अडकलेला. वर्षाला जेमतेम पावणेपाच टक्के पडतात. पैसे येतील तेव्हा आई 84 वर्षांच्या असतील. मधेच मोडलीत तर भरलेल्यातलाही मोठा वाटा जाईल. शिवाय पैसे वडिलांचे आणि पॉलिसी तुमच्या नावावर. आईच्या दुखण्यासाठी पैसे हवेत म्हणून आलेल्या माणसाला ही योजना विकणं चुकीचं आहे, आणि मला त्याचा संताप येतो.

पण मला जास्त काळजी बाथरूमची वाटते. तिसऱ्यांदा पडल्यावर लागणाऱ्या खर्चाची तुम्ही सोय करताय. त्या दोनदा का पडल्या, हे कुणी पाहिलंय का?

खुबा मोडला तर खासगी रुग्णालयात ऑपरेशनचे अडीच-तीन लाख धरा. त्यानंतर घरी दिवसरात्र बाई ठेवायची तर महिन्याला 25 हजार, चार महिने म्हणजे एक लाख. फिजिओथेरपी वेगळी. चार लाख सहज जातात, आणि इतकं करूनही अनेकांचं चालणं पूर्वीसारखं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी 6 लाख 84 हजार माणसं दगावतात.

आता टाळण्याचा खर्च. न घसरणाऱ्या फरशा आणि कमोडजवळ, अंघोळीच्या जागी भिंतीत स्क्रूने पक्के बसवलेले स्टीलचे दांडे : 40 हजार. रबराने चिकटणारे दांडे घेऊ नका, वजन पडलं की निघून येतात. पाटावर बसून अंघोळ बंद, त्याऐवजी पायांना रबर असलेली खुर्ची. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवे, बाहेरूनही उघडेल अशी कडी, सरकणारी पायपुसणी बाद, गाऊन घोट्याच्या वर. माळ्यावरचे डबे खाली आणा, म्हणजे स्टुलावर चढणं थांबेल. हे सगळं धरून 45 हजार.

मनगटाचं नुसतं प्लास्टर काढून थांबू नका. या वयात उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली असण्याची दाट शक्यता असते. हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. ठिसूळपणावर औषधं आहेत, केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही. डोळे तपासा, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. झोपेच्या गोळीने तोल जातो. ती हळूहळू कशी कमी करायची ते तेच सांगतील, मनाने बंद करू नका. रक्तदाब झोपून आणि मग उभं राहून मोजायला सांगा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर उठताना चक्कर येण्याचं कारण सापडलं. तपासण्यांना पाच हजार.

राहिला व्यायाम. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओटा धरून एका पायावर उभं राहणं, असं फिजिओथेरपिस्टकडून शिकायला हवं. आठवड्यातून दोनदा, तीन महिने : 15 हजार. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने बसवलेल्या अशाच घरगुती व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं. एकूण खर्च 65 हजार. तुमच्या एका हप्त्याच्या पावभागाहून थोडा जास्त.

विम्याबद्दलही तुमचा गैरसमज आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही रक्कम तुमच्या आईवडिलांत मिळून असेल. आधार कार्डावर दोघांची वय वंदना कार्डं काढा आणि सांगलीतली कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते आजच पाहून ठेवा. घरी ठेवलेल्या बाईचा पगार मात्र त्यातून मिळत नाही, तो पैसा हाताशीच लागतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : पॉलिसी ठेवूच नका. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्कासारखी किरकोळ रक्कम कापून हप्ता परत मिळतो. मग 12 लाखांतले 65 हजार या कामांना, 3 लाख आईवडिलांच्या संयुक्त खात्यात कधीही काढता येतील असे, आणि उरलेले 8 लाख 35 हजार त्यांच्याच नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. 8.2 टक्के दराने तिमाहीला 17 हजारांच्या आसपास व्याज येईल, त्यातून व्यायाम आणि औषधं चालतील.

तुमचा एक आठवडा गेलाच आहे. अर्ज लेखी द्या, तारखेसह पोच घ्या, आणि बँकेतला माणूस "एक वर्ष तरी चालू ठेवा" म्हणाला तर ऐकू नका.