साइट कोण सांभाळणार, त्यावर सीएमएस ठरतं

प्रश्न: मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. शिकता शिकता ओळखीतल्या दोन छोट्या संस्थांच्या वेबसाइट करून दिल्या. ह्यूगोमध्ये, म्हणजे साध्या फाइलींतून साइट तयार करणाऱ्या साधनात, केल्यात, कोड नीटनेटका आहे, पानं झटकन उघडतात. पण साधा फोन नंबर बदलायचा असला तरी ते मलाच फोन करतात. मला पुढे फ्रीलान्सिंगच करायचं आहे. ‘वर्डप्रेस जुनं झालं, हेडलेस शीक,’ असं मित्र सांगतात (हेडलेस म्हणजे मजकूर एका सीएमएसमध्ये आणि दिसणारी साइट वेगळी बांधलेली). तंत्रज्ञानाची माहिती नसलेल्या क्लायंटसाठी कोणतं सीएमएस, म्हणजे कोडला हात न लावता साइटवरचा मजकूर बदलायची प्रणाली, निवडू आणि कशात तरबेज होऊ?

उत्तर: तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती फोन नंबरची गोष्ट. तुझा प्रश्न तिथूनच सोडवायचा आहे. ह्यूगोमध्ये नंबर बदलायचा म्हणजे मार्कडाउनची फाइल उघडायची, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये कमिट करायचं, साइट पुन्हा तयार (बिल्ड) होईपर्यंत थांबायचं. तुझ्यासाठी दोन मिनिटांचं काम. पण दिवसभर फोन घेत, पत्रव्यवहार बघत, जमेल तेव्हा साइटही सांभाळणाऱ्या माणसाने हे का शिकावं?

म्हणून सीएमएसची नावं काढण्याआधी क्लायंटला विचार, की साइटवर रोजचे बदल कोण करणार? पैसे मंजूर करणारी व्यक्ती आणि मजकूर टाकणारी व्यक्ती बहुतेक वेळा वेगळी असते, आणि ही दुसरी मीटिंगला नसतेच. तिला गाठ. चाचणीसाठी एक साइट उभी कर, लॉगिन दे आणि सांग, ‘शनिवारचा कार्यक्रम रद्द झालाय, तेवढं साइटवर टाका.’ मग गप्प बस, माउसला हात लावू नकोस. कार्यक्रम ‘पेजेस’मध्ये शोधायचा की ‘पोस्ट्स’मध्ये, इथेच पहिली अडचण येते. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून अख्ख्या परिच्छेदाला हेडिंग लावलं जातं. फोनमधला भलामोठा फोटो आहे तसाच चढतो. डाव्या बाजूच्या मेनूत वीस गोष्टी दिसतात आणि त्यातल्या अठराला हात लावायची भीती वाटते. अर्ध्या तासात तुला जे कळेल, ते सीएमएसची तुलना करणाऱ्या कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही.

आता वर्डप्रेस. ते २००३ पासून आहे हे खरं, पण आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात आणि क्लायंटच्या दृष्टीने यात मोठा दिलासा आहे. उद्या तू नोकरी धरलीस किंवा परदेशी गेलीस, तर साइट पुढे सांभाळणारं दुसरं कुणीतरी सहज मिळतं. त्यामुळे पाया म्हणून वर्डप्रेसच पक्कं कर, असं मी ठामपणे सांगेन. मात्र साइटचं रूप ठरवणारी तयार थीम चढवली आणि ॲडमिनचा पासवर्ड हातात ठेवला, एवढ्याला काम म्हणू नकोस. क्लायंटला ‘संपादक’ची भूमिका दे, म्हणजे थीम आणि प्लगइन (वरून जोडायच्या जादा सोयी) त्याच्यासमोर येणारच नाहीत. कार्यक्रमांसाठी वेगळा कंटेंट टाइप कर. त्यात तारीख, ठिकाण, फोटो आणि चार ओळींचा मजकूर, एवढेच रकाने ठेव. मांडणी टेम्प्लेटने करू दे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ब्लॉक एडिटरमध्ये मांडणी लॉक करायची सोय आहे, ती वापर. २०१९ मधल्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठे फोटो आपोआप लहान होतात, त्यामुळे फोटोंची काळजी थोडी मिटते. एडिट करायचा पडदा असा बेतून देणं हे स्वतंत्र कसब आहे. होमपेज देखणं करणारे पुष्कळ भेटतील, या पडद्याचा विचार करणारे फार थोडे.

प्लगइन मोजकेच ठेव. वर्डप्रेसमधल्या सुरक्षेच्या त्रुटी बहुतांशी प्लगइन आणि थीममधून येतात. गाभ्याचे छोटे अपडेट २०१३ पासून आपोआप होतात, पण प्लगइनचे अपडेट आपणहून चालू करावे लागतात आणि एखाद्या अपडेटने साइट मोडलीच तर बॅकअप हाताशी लागतो. क्लायंट हे करणार नाही. तेव्हा देखभालीचा वार्षिक करार पहिल्या कोटेशनमध्येच मांड. फ्रीलान्सरला दर महिन्याची थोडी खात्रीची कमाई अशाच करारांतून होते.

पाच पानांची साइट, वर्षात दोनदा बदल आणि देखभालीला पैसे नाहीत, असा क्लायंट आला तर विक्स किंवा स्क्वेअरस्पेस अशी भाड्याने साइट चालवून देणारी सेवा सुचवायला अजिबात कचरू नकोस. अपडेट, होस्टिंग सगळं तेच बघतात. फक्त हे लेखी सांग: भाडं कायम भरावं लागेल, आणि विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, ती नव्याने बांधावी लागते. मुख्य काम विक्रीचं असेल तर शॉपिफाय बघ.

द्रुपल हे आणखी एक सीएमएस, मोठ्या संस्थांसाठी उत्तम आहे. अनेक विभाग, अनेक भाषा, मंजुरीच्या पायऱ्या हे सगळं ते समर्थपणे पेलतं. छोट्या क्लायंटला मात्र ते झेपत नाही. सातव्या आवृत्तीचा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे जवळजवळ नवी साइट बांधणं होतं. कोणतंही सीएमएस पाहताना पाच वर्षांनी अपग्रेड कसं होणार, हे आधी शोधून काढ.

हेडलेसबद्दल तुझे मित्र अगदीच चुकीचं सांगत नाहीत. एकच मजकूर वेबसाइट, ॲप आणि आणखी दोन ठिकाणी जाणार असेल तर स्ट्रॅपी, सॅनिटी यांसारखी साधनं शोभतात, आणि प्रॉडक्ट कंपनीत नोकरी करायची झाली तर ते शिकलेलं उपयोगी पडेल. पण लिहिलेलं साइटवर कसं दिसेल याचा प्रिव्ह्यू तिथे बहुधा आपल्याला जोडून द्यावा लागतो, आणि नवख्या माणसाला आधी तोच हवा असतो. शिवाय सीएमएस आणि साइट अशा सांभाळायला दोन वेगळ्या गोष्टी होतात. पहिल्या दहा क्लायंटसाठी त्या वाटेला जाऊ नकोस.

तुझ्या दोन्ही साइट मोडायची गरज नाही. डेकॅप सीएमएस, म्हणजे पूर्वीचं नेटलिफाय सीएमएस, ह्यूगोला जोडता येतं. मग क्लायंटला ब्राउझरमध्ये साधा फॉर्म दिसतो आणि गिटचं काम मागच्या मागे होतं. लॉगिनची व्यवस्था मात्र तुला नीट लावून द्यावी लागेल. डोमेन आणि होस्टिंग तुझ्या नावावर घेतलं असशील तर ते याच आठवड्यात संस्थांच्या नावावर कर.

आणि आजपासून या दोघांचा प्रत्येक फोन लिहून ठेव: काय बदलायचं होतं, कोणी केला, ते स्वतः का करू शकले नाहीत. महिन्याभराने ती यादी घेऊन बस आणि त्यातला सर्वांत जास्त वेळा आलेला बदल त्यांना तुझ्याशिवाय करता येईल, एवढंच आधी बांध. तो फॉर्म चालला की त्याचा स्क्रीनशॉट तुझ्या पोर्टफोलिओत होमपेजच्या शेजारी लाव. पुढच्या क्लायंटला आधी तोच दाखव.